ई-सायकल घेतली आणि साधी सायकल भिंतीला टेकली

"मोटर आहे म्हटल्यावर व्यायाम कसला होतोय त्यात?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच काढावं असं बरेच दिवस मनात होतं. सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी माणूस विचारतो, ऑफिसातले विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात ते माझे सायकलवाले मित्र, त्यांच्या आवाजात थोडी काळजीही असते की हा आता आपल्यातून गेला. त्यांची काळजी अगदीच चुकीची नव्हती, ते पुढे येईलच.

आधी एक सांगून टाकतो. बाईक म्हटलं की मराठीत मोटरसायकलच डोळ्यासमोर येते, म्हणून मी ई-सायकल म्हणतोय आणि मी बोलतोय ती पेडल असिस्टवाली. म्हणजे पाय फिरले तर मोटर मदत करणार, पाय थांबले की मोटर पण थांबणार. हँडलवरचा थ्रॉटल पिळून नुसतं बसून राहायची जी असते ती व्यायामाच्या हिशोबाने सरळ स्कूटरच आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कोणाला गरज असेल तर त्याने जरूर वापरावी, पण तिचा आणि फिटनेसचा संबंध जोडू नये.

तर माझं ऑफिस घरापासून 11 किलोमीटर, आणि मधोमध दीड किलोमीटरचा एक चढ आहे. साध्या सायकलवर मी हे अंतर बरीच वर्षं कापतोय, पण खरं सांगायचं तर रोज नाही. सोमवारी उत्साह असायचा, मंगळवारी मांड्या भरलेल्या असायच्या, बुधवारी मीटिंग म्हणून घामाने भिजलेला शर्ट नको वाटायचा, मग स्कूटर, आणि एकदा स्कूटरची किल्ली हातात आली की आठवडा संपेपर्यंत ती हातातच राहायची. मी स्वतःला सायकलवाला म्हणवत होतो आणि प्रत्यक्षात आठवड्याला दोन दिवस सायकल, तीन दिवस स्कूटर, हे कागदावर लिहून काढेपर्यंत मला स्वतःला पण मान्य नव्हतं.

ई-सायकल आली आणि पहिल्या महिन्यात तो चढ नाहीसाच झाला. म्हणजे चढ तिथेच होता, पण पायाला जाणवेना. पहिल्यांदा त्या चढावर मोटरच्या मदतीची लेव्हल तीनला टाकून जे गेलो ना, तर वरच्या वळणावर पोचलो तरी बोलता येत होतं, एरवी त्या वळणावर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. घड्याळात बघितलं तर हार्टरेट 118. साध्या सायकलवर तिथे 160 च्या वर असायचा. तेव्हा खूप आनंद झाला, आणि आता विचार केला तर त्या दोन आकड्यांतच सगळी गोष्ट आहे.

व्यायाम होतो की नाही याचं उत्तर बरंचसं सेन्सरवर आहे आणि हे विकत घेताना फार कमी लोक विचारतात. साध्या ई-सायकलींमध्ये केडन्स सेन्सर असतो, त्याला एवढंच कळतं की पेडल फिरतंय की नाही. किती जोर लावलाय ते त्याला कळत नाही. त्यामुळे तुम्ही हवेत पाय फिरवल्यासारखे नुसते फिरवत राहिलात तरी मोटर ठरलेली ताकद देत राहते, आणि माणसाचं शरीर लबाड आहे, चार दिवसांत त्याला समजतं की जोर न लावताही काम होतंय. टॉर्क सेन्सरवाली वेगळी. ती तुमच्या पायाचा दाब मोजते आणि त्याच्या पटीत मदत करते, खालच्या लेव्हलला साधारण तुमच्या ताकदीच्या अर्ध्याच्या आसपास, वरच्या लेव्हलला तिप्पट किंवा त्याहून जास्त. तुम्ही दाब कमी केला की ती पण हात आखडता घेते. 1993 मध्ये यामाहाने जपानमध्ये पेडल असिस्टची पहिली सायकल बाजारात आणली तेव्हा मूळ कल्पना हीच होती, पायाने दाब द्या मग मोटर साथ देईल. व्यायाम डोक्यात असेल तर टॉर्क सेन्सरच घ्या, यावर माझं मत पक्कं आहे.

आता त्या चढाचं गणित, कारण मला ते करून बघितल्याशिवाय पटत नाही. 80 किलोचा माणूस 12 किलोच्या सायकलवर 5 टक्के चढ ताशी 10 किलोमीटरने चढत असेल तर त्याला पायातून साधारण 145 वॅट द्यावे लागतात. तोच चढ ताशी 15 ने चढायचा तर 230 च्या आसपास. माझ्यासारखा रोजचा पण स्पर्धेत न उतरणारा माणूस दीड किलोमीटर 230 वॅट देऊ शकत नाही, विषयच नाही. आणि युरोपच्या नियमात ई-सायकलची मोटर 250 वॅटची असते. म्हणजे मोटर एकटीच जवळपास एका ताज्यातवान्या, कसलेल्या सायकलवाल्याइतकं काम करू शकते, मग तुम्ही 80 वॅट देताय की 120 देताय हे पूर्णपणे तुमच्या हातात, खरं तर तुमच्या अंगठ्यात, कारण लेव्हलचं बटण अंगठ्यापाशी असतं.

तरीपण 80 वॅट म्हणजे शून्य नाही हो! हे लोकांना पटत नाही. बसून राहिल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्याला 1 मेट म्हणतात, 3 ते 6 मेट म्हणजे मध्यम व्यायाम, 6 च्या वर जोरदार. 2018 मध्ये ई-सायकल आणि आरोग्य यावरच्या 17 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात निष्कर्ष असाच निघाला की ई-सायकल चालवणं हा निदान मध्यम दर्जाचा व्यायाम नक्की आहे, साध्या सायकलपेक्षा कमी पण चालण्यापेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, तो कोटा ऑफिसला जातायेताच भरून निघतो.

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा, 2016 चा. व्यायाम न करणारे, गाडीने कामाला जाणारे 20 लोक घेतले आणि त्यांना चार आठवडे पेडल असिस्ट सायकल दिली, आठवड्यातून निदान तीन दिवस 40 मिनिटं चालवा, वेग तुमचा तुम्ही ठरवा. चार आठवड्यांत त्यांची व्हीओ टू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ती क्षमता, वाढली, आणि साखर पचवायची शरीराची ताकदही सुधारली. फक्त चार आठवडे आणि तेही कोणी मागे लागून जोर करायला न लावता! स्वित्झर्लंडमध्ये बाझलला वजन जास्त असलेल्या लोकांवर असाच चार आठवड्यांचा प्रयोग झाला, काही जणांना ई-सायकल आणि काहींना साधी, आणि दोन्ही गटांची क्षमता जवळपास सारखीच वाढली.

मग माझ्या मित्रांची काळजी चुकीची का नव्हती?

कारण हे सगळे लोक शून्यातून सुरू झालेले. मी शून्यातून सुरू झालो नव्हतो. ई-सायकल आल्यावर साधी सायकल मी पार्किंगच्या भिंतीला टेकवली, "रविवारी काढू" म्हणून, आणि ते रविवार येत गेले आणि जात गेले. आठ महिन्यांनी मित्रांबरोबर लांब राईड ठरली तेव्हा तिच्याकडे गेलो. दोन्ही टायर रिमपर्यंत बसलेले, मागच्या चाकाच्या तारांमध्ये कोळ्याचं जाळं, आणि चेन हाताने फिरवली तर दोन-तीन कड्या आखडलेल्या, त्या गिअर बदलणाऱ्या डिरेलरमधून जाताना टक टक असा आवाज करत उड्या मारत होत्या. बोटांना गंज लागला. मी तिथेच खाली बसलो, खूप वाईट वाटलं, या सायकलने मला इतकी वर्षं इतकं दिलंय आणि मी तिला तेलाचे चार थेंब देऊ शकलो नाही.

तेल घातलं, हवा भरली, गेलो. सपाट रस्त्यावर ठीक होतं, दम बऱ्यापैकी टिकून होता, म्हणजे ई-सायकलने पाया शाबूत ठेवला होता हे मान्य करायलाच हवं. पण दर सिग्नलला सुटताना पाय तो मागून मिळणारा हलकासा रेटा शोधायचे आणि तो यायचाच नाही, क्षणभर असं वाटायचं की कोणीतरी मागून सायकल धरून ठेवलीय. आणि मग तो चढ. तोच, माझा रोजचा. अर्ध्यात मांड्या पेटल्या, उभं राहून पेडल मारायला गेलो तर वीस-तीस फेऱ्यांत पाय लटपटायला लागले, श्वास पुरेना, आणि वरच्या वळणाच्या अलीकडे मी उतरलो. पूर्वी ज्या चढावर कधी उतरलो नव्हतो तिथे सायकल हातात धरून चालत वर गेलो. मित्र वर थांबले होते, कोणी काही बोललं नाही.

घरी येऊन विचार केला की नेमकं काय गेलं. दम गेला नव्हता, गेला होता वरचा जोर. शरीराला आठ महिन्यांत एकदाही 130 च्या वर हार्टरेट न्यावा लागला नव्हता, उभं राहून पूर्ण वजन पेडलवर टाकावं लागलं नव्हतं, धाप लागेल अशा ठिकाणी अजून दोन मिनिटं टिकून राहायची सवय लागते ती लागली नव्हती. ई-सायकल नेमकी हीच टोकं कापून टाकते. चढ, उलटा वारा, सिग्नलवरून सुटणं, या तीन ठिकाणी साध्या सायकलवर आपण आपसूक जोरदार व्यायामाच्या पट्ट्यात जातो आणि या तिन्ही ठिकाणी मोटर सगळ्यात जास्त काम करते. मधला सपाट भाग दोन्हींवर जवळपास सारखाच असतो.

दुसरी गोष्ट वेळेची, ही कोणी मोजत नाही. साध्या सायकलवर मला एका फेरीला 42 मिनिटं लागायची, ई-सायकलवर 30. म्हणजे जोर तर कमीच, वर वेळ पण कमी. एका फेरीचा व्यायाम बघितला तर चांगलाच घटलाय. पण फेऱ्या किती? साधीवर आठवड्याला दोन दिवस म्हणजे चार फेऱ्या, 168 मिनिटं. ई-सायकलवर चार दिवस म्हणजे आठ फेऱ्या, 240 मिनिटं. साधीला 7 मेट धरले आणि ई-सायकलला 5, तर 168 गुणिले 7 होतात 1176 आणि 240 गुणिले 5 होतात 1200. ढोबळ हिशोब आहे, पण आकडे जवळजवळ एकच आले तेव्हा मी दोनदा तपासून बघितलं.

नंतर वाचनात आलं की युरोपातल्या सात शहरांत हेच मोठ्या प्रमाणावर दिसलंय. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या सर्वेक्षणात ई-सायकलवाल्यांचा आठवड्याचा एकूण व्यायाम 4463 मेट-मिनिटं, म्हणजे वरच्यासारखंच मेट गुणिले मिनिटं, आणि साध्या सायकलवाल्यांचा 4085, म्हणजे कमी नाहीच, कारण ई-सायकलवाले जास्त लांब जातात. पण त्याच अभ्यासातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जे गाडी सोडून ई-सायकलवर आले त्यांचा प्रवासातला व्यायाम आठवड्याला सुमारे 550 मेट-मिनिटांनी वाढला, जे बस-ट्रेन सोडून आले त्यांचा सुमारे 800 ने, आणि जे साधी सायकल सोडून आले त्यांचा सुमारे 200 ने कमी झाला. म्हणजे ई-सायकल चांगली का वाईट असं विचारून उपयोग नाही, तिच्यामुळे घरातली दुसरी कोणती गोष्ट वापरायची थांबली ते विचारायला पाहिजे. माझ्या बाबतीत दोन्ही थांबल्या. स्कूटर थांबली त्याचा फायदा झाला, साधी सायकल थांबली त्याचा तोटा झाला, आणि बेरजेत दोन्ही एकमेकांत मिसळून गेल्यामुळे मला आठ महिने काही कळलंच नाही.

म्हणून मी ई-सायकल विकली नाही. विकायचा विचार एक दिवस मनात येऊन गेला, पण तिच्यामुळे स्कूटर सुटलीय हे खोटं नाही ना. नॉर्वेत 66 लोकांना ई-सायकल वापरायला देऊन बघितलं होतं, त्यांचं रोजचं सायकलवरचं अंतर सरासरी 4.8 किलोमीटरवरून 10.3 वर गेलं, दुपटीपेक्षा जास्त. हे मी स्वतः अनुभवलंय, किरकोळ कामाला सुद्धा आता हात ई-सायकलकडेच जातो.

बदललं ते बटण वापरायची पद्धत. ऑफिसला जाताना लेव्हल दोन, कारण घामेघूम होऊन पोचायचं नसतं. येताना सपाटीवर मोटर पूर्ण बंद आणि चढाला फक्त एक. मोटर बंद करून 22 किलोची सायकल ओढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, हा आयता मिळालेला वजनाचा व्यायाम आहे असं मी धरतो. आणखी एक, युरोपच्या नियमाप्रमाणे 25 किलोमीटरच्या वेगाला मोटर साथ सोडते, माझी पण तशीच आहे, तर सपाट रस्त्यावर 24 ला रेंगाळायचं की 27 ला स्वतःच्या पायावर जायचं हे ठरवता येतं. 25 ओलांडताना स्पष्ट जाणवतं, मागचा हात अलगद सुटतो आणि सायकल एकदम जड होते, पूर्वी मी लगेच पाय सैल सोडायचो, आता तिथेच दाबून धरतो, दोन-तीन मिनिटं, मग परत खाली. खालची लेव्हल वापरल्याने बॅटरी पण जास्त किलोमीटर टिकते, तो वरचा फायदा.

मात्र एका गोष्टीत फसू नका, आपल्याला किती कष्ट झाले याचा अंदाज ई-सायकलवर चुकतो, आणि दोन्ही बाजूंनी चुकतो. अमेरिकेत डोंगरातल्या ट्रेलवर चालवणाऱ्या 33 अनुभवी लोकांना एकच वाट दोन्ही प्रकारच्या सायकलींवर करायला लावली, तर ई-सायकलवर त्यांचा हार्टरेट साध्याच्या जवळपास 94 टक्के होता, आणि तरी त्यांना वाटलं की फार कष्ट पडलेच नाहीत. ते दमदार लोक, अवघड ट्रेल, म्हणून तसं झालं. माझ्या डांबरी रस्त्यावर लेव्हल तीनला उलटं होत होतं, वाटायचं छान व्यायाम झाला आणि घड्याळ सांगायचं की तू 105 वर होतास. म्हणून निदान महिनाभर तरी हार्टरेट बघत चालवा, मन काय सांगतं त्यावर जाऊ नका.

आता बाबांबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. बाबा 69 वर्षांचे. आयुष्यभर सायकल चालवली आणि पासष्टीला सोडली, गुडघे दुखतात म्हणून, आणि मला वाटतं त्याहून जास्त म्हणजे एकदा चढावर दम लागून ते बाजूला बसले होते त्याची त्यांना भीती बसली होती. परत येता येईल ना, ही भीती. मी माझी ई-सायकल त्यांना एका रविवारी दिली. आधी पाऊण तास मोकळ्या मैदानावर नुसतं चढणं-उतरणं आणि ब्रेक, कारण जड सायकल हळू वेगात कलंडते आणि पहिल्या पेडललाच ती पुढे सरकते, वयस्कर माणसाला हे शिकवल्याशिवाय रस्त्यावर पाठवू नये, अगदी कळकळीने सांगतो. मग ते निघाले. तासाभराने आले तेव्हा शर्टाची पाठ ओली होती.

"बाबा, लेव्हल कितीवर ठेवली होतीत?"

"चढाला तीन. एरवी एकवरच. अरे, नुसतं बसायचं असतं तर रिक्षा केली असती ना मी."

आता त्यांची स्वतःची आहे आणि आठवड्यातून चार दिवस ते जातात. 2019 मध्ये इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठाने पन्नाशीच्या पुढच्या लोकांवर आठ आठवड्यांचा अभ्यास केला होता, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, एका गटाला साधी सायकल आणि एकाला ई-सायकल. शरीर सोडा, लक्ष एकवटणं, विचार करून कृती करणं अशा मेंदूच्या कामांत दोन्ही गटांना फायदा दिसला, ई-सायकलवाले त्यात मागे नव्हते. बाबांच्या बाबतीत मी एवढंच सांगेन की ते आता रस्त्यांबद्दल बोलतात. कुठला रस्ता खणलाय, कुठे झाडं तोडलीत, कुठल्या वळणावर वारा लागतो. चार वर्षं ते याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

आणि जे मला अजिबात अपेक्षित नव्हतं ते सहा महिन्यांनी झालं. एके सकाळी खाली गेलो तर बाबा माझ्या साध्या सायकलची सॅडल खाली करत होते. म्हणाले, "सपाटीवर फिरून येतो, हिच्यावर. बघू गुडघा काय म्हणतो." दोन किलोमीटर जाऊन आले. ई-सायकलमुळे माझी साधी सायकल सुटली आणि त्याच ई-सायकलमुळे बाबांची परत सुरू झाली, एकाच घरात, एकाच वर्षात. माझ्याकडे जोर होता तो मोटरने काढून घेतला, त्यांच्याकडे हिंमत नव्हती ती मोटरने दिली, मला तरी हे असंच दिसतं.

त्या दिवसापासून रविवार साध्या सायकलचा ठरला. नवी चेन टाकली, आखडलेल्या कड्यांवर तेल ओतून काही होणार नव्हतं. सॅडलच्या खांबावर पेन्सिलने दोन खुणा केल्यात, एक बाबांच्या उंचीची, एक माझ्या. ते पहाटे लवकर सपाटीवर फेरी मारून येतात, मग मी सॅडल वर करतो आणि चढाकडे जातो. पहिल्या रविवारी दोनदा उतरलो. चौथ्या रविवारी एकदा. मग दोन आठवडे अडकलो, त्याच वळणाच्या अलीकडे, वीस-एक मीटर बाकी असताना पाय जायचे.

गेल्या रविवारी पहिल्या निम्म्यात मुद्दाम हळू गेलो, सगळ्यात हलका गिअर, उभा राहिलो नाही, नजर पुढच्या चाकाच्या चार हात पुढे. वळणापाशी उभा राहिलो आणि मोजायला लागलो, एक-दोन-एक-दोन, मांड्या पेटल्या होत्या, कानात ठोके ऐकू येत होते. वर पोचल्यावर घड्याळात 166 होता. उतरलो नव्हतो.